बारा नंबरचा प्लॉट : इंटरनेटच्या पत्त्यांची टंचाई आणि तिची कहाणी

नागपूरच्या दक्षिणेला बेसा येथे आम्ही राहायला आलो तेव्हा पत्ता सांगणं हेच एक काम होतं. प्लॉट नंबर, ले-आउटचं नाव, खसरा क्रमांक आणि शेवटी ‘पाण्याच्या टाकीच्या मागे’. हाकेच्या अंतरात बारा नंबरचे तीन प्लॉट, कारण ले-आउट तीन. तरी टपाल यायचं. कोणता बारा नंबर कोणाचा, हे पोस्टमनला तोंडपाठ होतं.

गेल्या पावसाळ्यात हे सारं पुन्हा आठवलं. विदर्भातल्या जुन्या नियतकालिकांची पानं मी काही वर्षं स्कॅन करतो आहे. घरात दोन लहान संगणक सर्व्हर म्हणून चालतात. एकावर पानं, दुसऱ्यावर सूची. अकोला-अमरावतीच्या अभ्यासकांना ती परस्पर पाहता यावीत, आणि पानं मात्र दुसऱ्या कोणाच्या कोठारात न जाता घरीच राहावीत, एवढी इच्छा. त्यासाठी राउटरला दोन नियम सांगायचे असतात : बाहेरच्या पत्त्यावर ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे त्या दारावर, जो येईल त्याला १९२.१६८.१.१० कडे धाड; ८४४३ वर येईल त्याला १९२.१६८.१.११ कडे. नियम लिहिले, तीनदा तपासले. बाहेरून कोणालाही आत येता येईना.

चूक कुठे आहे हे शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

आपला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्याचे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पिनकोडचं शहाणपण असं, की तो घराला क्रमांक देतच नाही. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. ४४० आलं की नागपूर. पुढचं काम पोस्टमनचं. म्हणून वस्ती कितीही वाढली तरी त्या आकड्यांवर ताण येत नाही.

इंटरनेटच्या रचनाकारांनी नेमकं उलट ठरवलं. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट नव्या नियमावलीवर गेलं, तेव्हा जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा, जगात एकमेव पत्ता असेल अशी कल्पना होती. पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. संगणक म्हणजे विद्यापीठातलं कपाटाएवढं यंत्र, अशा काळात हा आकडा अफाट वाटला, आणि वाटपही तसंच सढळ हातानं झालं. एकट्या एमआयटीकडे १ कोटी ६७ लाख पत्ते होते. त्यांतले निम्मे त्यांनी २०१७ मध्ये विकायला काढले. आपल्याकडे १९८६ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी एर्नेट सुरू झालं. त्यातली एक मोठी गाठ मुंबईत, जुहूच्या एनसीएसटीत होती. पण ‘देशातल्या घराघरात’ हा विचार त्या वाटपात कुठेच नव्हता.

टंचाईची चाहूल नव्वदच्या आसपास लागली. मे १९९४ मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. संस्थेच्या वेशीवर एक यंत्र बसवायचं. आतले पत्ते खासगी, बाहेरचे मोजके. येता-जाता पत्ता बदलायचा आणि कोणाचं काय ते तक्त्यात लिहून ठेवायचं. हेच ‘नॅट’. लेखकांनी हा तात्पुरता उपाय असल्याचं म्हटलं होतं, आणि या टोकाच्या यंत्राला त्या टोकाचा खरा पत्ता कळण्याची सोय यात जाते हेही लपवलं नव्हतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी पत्त्यांचे तीन गट पक्के झाले : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. आमच्या बारा नंबरसारखेच हे. वाटेल तितक्या घरांत तेच.

म्हणजे इंटरनेटनं हाकललेला पोस्टमन नॅटनं परत आणला. राउटरचा तक्ता ही त्याची स्मरणशक्ती. आतून कोणी बाहेर बोललं तर तो तक्त्यात नोंद करतो आणि उत्तर नेमकं पोचवतो. पण बाहेरून अनोळखी कोणी आला, तर आधी सांगून ठेवल्याशिवाय त्याला घर सापडत नाही. सांगून ठेवायचे ते माझे दोन नियम.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमतर्फे. नॅटच्या टिपणानंतर पंधरा महिन्यांनी. आपण पंगतीला बसलो तेव्हा वाढप्याचा हात आखडता झालेला होता. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटले गेले, एप्रिलमध्ये आशियाचा मुख्य साठाही आटला. पुढच्याच एप्रिलमध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी १००.६४ ते १००.१२७ हा आणखी एक गट राखून ठेवला गेला. त्यामुळे कंपनीला शेकडो घरं एका खऱ्या पत्त्यामागे ठेवता आली.

माझी चूक इथे सापडली. राउटरच्या पडद्यावर ‘बाहेरचा’ म्हणून दिसणारा पत्ता १०० ने सुरू होत होता. मी माझ्या खोलीच्या दारावर पाटी लावली होती. वाड्याचा दिंडी दरवाजा कंपनीकडे होता आणि तिथला पोस्टमन माझं ऐकणार नव्हता. सिनेमा पाहणाऱ्याला हा फरक जन्मात कळत नाही. ज्याला घरातून काही द्यायचं आहे त्यालाच तो अडतो. आणि पानं तर मला घरीच ठेवायची होती.

दरमहा जादा पैसे भरून खरा, स्थिर पत्ता घेतला. नियम तेच राहिले. आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे ही टंचाईच उरत नाही, आणि त्याच्या वापरात भारत आज जगात आघाडीवर आहे. पण आमच्या एका अभ्यासक मित्राच्या महाविद्यालयात तो अजून पोचलेला नाही, म्हणून जुन्या पत्त्याशिवाय भागेना.

त्याच मित्राचा दुसऱ्या दिवशी फोन आला, पानं उघडली. मी घरी उघडायला गेलो तर उघडेनात! कारण गमतीचं आहे. घरातला लॅपटॉप बाहेरच्या पत्त्यावर विचारतो, राउटर तो प्रश्न सर्व्हरकडे वळवतो, सर्व्हर पाहतो की विचारणारा घरातलाच आहे आणि थेट उत्तर देतो. लॅपटॉप मात्र बाहेरच्या पत्त्याकडून उत्तराची वाट पाहत असल्यानं ते नाकारतो. मग घरापुरती वेगळी नोंद केली : हेच नाव आतून विचारलं तर १९२.१६८.१.१० सांग.