वाटाण्याएवढ्या बुशाची बखर

इतिहास म्हटला की गड, तोफा, तहनामे आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण खेळण्यांच्या पोटातही इतिहास असतो, आणि तो कधीकधी राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच चमत्कारिक असतो. आज मी वाचकांना जी बखर सांगणार आहे ती एका बुशाची आहे. बुश म्हणजे पितळेची अथवा काशाची एक बारीक कडी. आकाराने वाटाण्याहून लहान. तिच्यातून खेळण्यातल्या मोटारीच्या चाकांचा आस फिरतो. ही कडी जागच्या जागी घट्ट बसवायची कशी, एवढाच प्रश्न. पण त्याच्या उत्तरापाठीमागे एक कवळी, एक बंदूक आणि एक अर्धी रिकामी बाटली उभी आहे!

ज्या मोटारीची ही गोष्ट आहे ती खाचेतली मोटार, म्हणजे स्लॉट कार. तिच्या रस्त्याला खाच असते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या. मोटारीच्या पोटाखालची जिभळी खाचेत अडकते, पट्ट्यांतून वीज घेतली जाते आणि गाडी धावू लागते. वेग खेळणाऱ्याच्या हातातल्या खटक्यावर. वळणावर हाव धरली की गाडी खाच सोडून थेट दिवाणाखाली!

अमेरिकेत लायोनेल कंपनीने १९१२ सालीच विजेवरच्या अशा मोटारी विकायला काढल्या होत्या. पण तो खेळ फार वर्षे टिकला नाही. त्याला खरे बाळसे आले ते इंग्लंडात. फ्रेड फ्रान्सिस या गृहस्थांची मिनिमॉडेल्स ही कंपनी १९५२ पासून स्कॅलेक्स नावाच्या पत्र्याच्या मोटारी करीत असे. त्यांत विजेची मोटर बसवून १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात त्यांनी त्या मांडल्या आणि नाव ठेवले स्कॅलेक्स्ट्रिक. मागणी इतकी वाढली की दुसऱ्याच वर्षी कंपनी लाइन्स ब्रदर्स या बड्या खेळणीवाल्यांच्या हाती गेली. १९६० पासून पत्रा मागे पडला आणि प्लॅस्टिक आले.

इथेच आमच्या बुशाची साडेसाती सुरू होते. पितळेला डाख देता येतो; प्लॅस्टिकला तापली सळई दाखवली की ते पाझरते. तेव्हा बुश प्लॅस्टिकच्या घरात दाबून बसवायचा. पण मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, गाडी कठड्यावर आदळते, आणि घराचे तोंड हळूहळू रुंदावते. बुश डुगडुगू लागला की आस तिरपा होतो, दात्यांत दाते मिळेनासे होतात आणि गाडी धावण्याऐवजी नुसती कण्हते.

माझे थोरले बंधू, आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू, बोटीवर नोकरीला होते. १९६० नंतरच्या एका फेरीत त्यांनी विलायतेहून अशी एक निळी मोटार आणली. आणली मुलांसाठी; पण खटका बहुधा त्यांच्याच हातात असे. अण्णा आता नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाने माळ्यावरून ती पेटी काढली आणि माझ्यापुढे ठेवून विचारले, "आजोबा, अण्णाआजोबांची गाडी चालेल का हो?" मोटर धडधाकट होती, मागच्या आसाचे दोन्ही बुश मात्र म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलत होते. तसला सांगाडा पुन्हा कोठून आणणार? चिकटद्रव्याचा एक थेंब चुकीच्या ठिकाणी गेला असता तर आस कायमचा जखडला असता. म्हणून हात लावण्यापूर्वी मी तिन्ही उमेदवारांची कुळकथा तपासली.

पहिला लॉकटाइट. हा द्रव मूळचा जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतला. पण तो पातळ राहावा म्हणून त्यात सतत हवा खेळवावी लागे. १९५३ साली हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनाचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी तो बाटलीत टिकेल असा केला. गंमत अशी की हवेत तो पातळच राहतो आणि धातूच्या फटीत हवेवाचून कोंडला की घट्ट होतो. म्हणून त्याची बाटली मुद्दाम अर्धीच भरतात. गिऱ्हाइकाला वाटावे की आपण फसलो! लोखंडी यंत्रात बेअरिंग बसवायला हा उत्तम. पण त्याला धातूचा शेजार दोन्हीकडून हवा. एका बाजूला प्लॅस्टिक आले की तो अर्धवट राहतो, आणि काही प्लॅस्टिकांना तडेही पाडतो. बाद.

दुसरा सुपरग्लू. १९४२ साली ईस्टमन कोडॅकमधले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. एक द्रव जिकडे तिकडे चिकटू लागला म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ साली त्यांच्या सहकाऱ्याने तोच द्रव एका उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये घातला आणि महागडे लोलक एकमेकांना जे चिकटले ते चिकटलेच. अवगुणाचाच गुण झाला. १९५८ साली तो बाजारात आला. हवेतल्या दमटपणाने तो क्षणात घट्ट होतो. पण त्याची घाईच आम्हाला नडते. पाण्यासारखा पातळ, तो बारीक फटीतून आसापर्यंत झिरपतो. आणि घट्ट झाल्यावर ठिसूळ, धक्क्याने तुटणारा. तोही बाद.

तिसरा आपल्या घरोघरचा ओळखीचा, दोन नळ्यांचा अ‍ॅराल्डाइट. स्वित्झर्लंडात पिएर कास्तान हे रसायनज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी नवे द्रव्य शोधत होते. त्यातून हे राळेसारखे द्रव्य निघाले. बाझेलच्या सीबा कंपनीने १९४६ साली ते अ‍ॅराल्डाइट नावाने चिकटवण्यासाठी पुढे आणले. ते जाड असते, झिरपत नाही, आणि सावकाश घट्ट होत असल्यामुळे माणसाला विचार करायला सवड देते. माझा कौल त्यालाच पडला.

मग कामाला लागलो. बुशाची बाहेरची बाजू काचकागदाने किंचित खरखरीत केली आणि स्पिरिटने पुसली, कारण तेलकट अंगाला काहीच धरत नाही. आसाला मात्र तेलाचे बोट लावले, म्हणजे चुकून कण उडाला तरी तिथे चिकटू नये. दोन्ही बुश आसावर ओवून आस सांगाड्यात ठेवला. हे महत्त्वाचे, बुश एकेक करून बसवले तर त्यांची भोके एका रेषेत येत नाहीत. दातकोरण्याच्या टोकाने बुशाच्या कडेला बाहेरून मोहरीएवढा थेंब लावला, आस बोटांनी फिरवून मोकळा आहे ना ते पाहिले आणि रात्रभर गाडी हलवली नाही.

एवढ्या खटाटोपाचे सार दोन शब्दांत आहे. बुश घट्ट हवा तो आस मोकळा राहावा म्हणून. चिकटवणाऱ्याची कसोटी किती पक्के चिकटले यात नाही, जे चिकटू नये ते किती सुटे राहिले यात आहे.

सकाळी नातवाने चाकाला टिचकी मारली. चाक फिरले, फिरत राहिले आणि आवाज न करता थांबले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिवाणखान्यात रस्ता मांडला. पहिला फेरा नातवाने मोठ्या अदबीने घेतला. दुसऱ्या फेऱ्याला वळणावर हाव धरली आणि गाडी दिवाणाखाली गेली. वहिनी पदराआडून हसत म्हणाल्या, "हे अगदी ह्यांच्यासारखेच!"