गांवचा इतिहास गांवापुढें सांगतांना

महोत्सवाच्या प्रसंगीं प्रत्येक कुटुंबास आपल्या वाडवडिलांची आठवण होते. आणि धर्मग्राम हेंही एक मोठें कुटुंबच असल्यामुळें त्यास या दिवसांत आपल्या पूर्वजांची आठवण व्हावी हें योग्यच होय. या निमित्तानें महिलामंडळांपुढें, तरुणांच्या संघांपुढें व वृद्धांच्या मेळाव्यांत वसईच्या इतिहासावर आणि थोर पुरुषांच्या चरित्रांवर व्याख्यानें होतात. अशीं व्याख्यानें ऐकण्याचा व देण्याचा प्रसंग आम्हांस अनेकदां आला आहे. तीं देणाऱ्यानें काय जपावें, यासंबंधीं चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऐकून शिकण्याची आवड आपल्या लोकांत नवी नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघी धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले. पुराणश्रवणाची गोडी लागलेल्या लोकांस नव्या धर्माची कथाही त्यांच्याच भाषेंत व त्यांच्याच छंदांत मिळाली पाहिजे, हें ओळखून त्यांनीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचिलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. पुढें १९०७ सालीं मंगळूर येथें त्याची नवी आवृत्ति निघाली, आणि १९५६ सालीं तो देवनागरींत प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ मुख्यतः जमलेल्या मंडळीस वाचून दाखविण्यासाठीं होता. सांगणाराची विद्वत्ता कितीही मोठी असो, ती श्रोत्यांच्या भाषेंत उतरली नाहीं तर व्यर्थ होय. हा धडा फादर स्टीफन्स यांनीं आपणांस चारशें वर्षांपूर्वीं घालून दिला.

परंतु भाषा सोपी झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. जें सांगावयाचें तें खरेंही असलें पाहिजे. संत गोन्सालो गार्सिया यांचेंच चरित्र घ्या. वसईस जन्मलेला हा पुरुष येशूसंघी गुरूंच्या हाताखालीं शिकला, जपानास गेला, तेथील भाषा शिकला, कांहीं काळ व्यापार करूं लागला, आणि मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत सेवक-बंधु म्हणून दाखल झाला. १५९३ सालीं संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत तो दुभाषी म्हणून पुन्हां जपानास गेला, आणि ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मरण पावला. १६२७ सालीं त्यास धन्य म्हणून व ता. ८ जून १८६२ रोजीं संत म्हणून घोषित करण्यांत आलें.

एवढें वृत्त स्वतःच इतकें थोर आहे कीं त्यावर मुलामा चढविण्याची गरज नाहीं. तथापि उत्साहाच्या भरांत वक्ते त्यास ‘फादर’ म्हणतात. वस्तुतः त्यास गुरुदीक्षा झालेली नव्हती. वसईच्या किल्ल्यांतील ज्या मंदिरास आज आपण त्याचें नांव देतों, तें मूळचें येशूसंघाचें, येशूच्या पवित्र नामाचें मंदिर होय. या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु सेवक-बंधूस धर्मगुरु बनविल्यानें त्याचा मान वाढत नाहीं, उलट त्याच्या जीवितांतील मुख्य गोष्टच झांकली जाते. दोन भाषांच्या मध्यें उभें राहून, दुसऱ्याचे शब्द प्रामाणिकपणें पोहोंचविणें, ही त्याची सेवा होती. ज्या तरुणास वेदीपुढें उभें राहण्याचें पाचारण नाहीं, त्यास या चरित्रांतून केवढें धैर्य मिळण्यासारखें आहे!

याहून अवघड प्रकरण १७३९ सालचें. त्या वर्षीच्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसई घेतली. इतर मराठी वाचकांस हा पराक्रमाचा अध्याय आहे. आपल्या घरांत मात्र ओस पडलेल्या मंदिरांच्या आठवणी सांगितल्या जातात. वक्त्यानें यांपैकीं कोणतीही बाजू गिळून टाकूं नये. वेढ्यांत दोन्हीकडचीं माणसें शौर्यानें लढलीं हें सांगावें. फिरंगी राजवटीनें केलेली बळजोरीही सांगावी, आणि पुढें आपल्या लोकांनीं सोसलेली पडझडही सांगावी. फिरंगी अधिकारी गलबतांत बसून निघून गेले. आपले शेतकरी व कोळी पूर्वज याच मातींत राहिले व श्रद्धा जतन करून राहिले. आपला इतिहास त्यांचा आहे, हें श्रोत्यांस समजलें म्हणजे दोन्ही बाजू ऐकण्याचें बळ त्यांस आपोआप येतें.

ऐकीव व लिखित यांतील भेद दाखविण्यास नाशिकच्या नारोशंकर मंदिरांतील घंटा फार उपयोगी आहे. तिच्यावर १७२१ हा सन कोरलेला आहे. तो पुरावा होय. ती वसईच्या विजयानंतर तेथें नेली, असें लोक सांगतात. ती आख्यायिका होय. दोन्ही सांगाव्या, परंतु एकाच स्वरांत सांगूं नयेत. ‘असें लिहिलें आहे’ आणि ‘असें म्हणतात’ या दोन वाक्यांचा विवेक ज्यानें पाळला, त्याच्या व्याख्यानावर उद्यांची पिढी विसंबून राहूं शकेल.

साधनें दूर शोधण्याचें कारण नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून लोकांच्या घरचीं जुनीं दप्तरें धुंडीत. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला तो अशाच खटपटींतून. आपल्या धर्मग्रामांतही स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या वह्या आहेत, थडग्यांवरील लेख आहेत, वाटेवरचे क्रूस आहेत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. त्या सांथीच्या काळांत मुंबईंत व वांद्र्याकडे उभारलेल्या क्रूसांवरील सन आजही वाचतां येतात. मात्र वह्यांतील प्रत्येक ओळ सभेंत वाचण्याजोगी नसते. एखाद्या कुटुंबाचें दुःख किंवा लाजिरवाणी गोष्ट हातीं लागल्यास ती तेथेंच राहूं द्यावी. टाळ्यांसाठीं शेजाऱ्याचें घर उघडें करणें हा इतिहास नव्हे.

सर्वांत नाजूक साधन म्हणजे वृद्धांची स्मृति. म्हणून व्याख्यान पाऊण तासांत आटोपावें, आणि उरलेला वेळ श्रोत्यांस द्यावा. मागच्या बांकावरील एखादी आजी उठते व अमुक विहीर कोणी खणली, जुन्या मंदिरासाठीं दगड कोणत्या खाडीनें आले, हें सांगूं लागते. त्या वेळीं वक्त्यानें गप्प बसून लेखणी हातीं घ्यावी. सांगणारीचें नांव व दिवस नोंदवावा, आणि तें टिपण धर्मग्रामाच्या संग्रहीं ठेवावें. अशी एक आजी गेली म्हणजे जें नाहींसें होतें, तें कोणत्याही ग्रंथालयांत पुन्हां मिळत नाहीं.

महोत्सवाचे दीप विझतील, मंडप उतरेल. पुढील महोत्सवाच्या वेळीं आज आपल्यांत असलेले कित्येक वृद्ध नसतील, आणि आजचीं मुलें व्यासपीठावर उभीं असतील. त्यांच्या हातीं खरें, सरळ व प्रेमानें टिपलेलें असें कांहीं असावें, एवढ्याच इच्छेनें हा लेख आम्हीं वाचकांच्या स्वाधीन करीत आहों.