पाठ्यपुस्तकातला चौकोन आणि सरकारी शाळेतले तंत्रज्ञान

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर आणि पुढे पाठापाठांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन छापलेला असतो. पालकांपैकी अनेकांचे त्याकडे लक्षही जात नाही. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की त्या पाठाशी संबंधित चित्रफीत, कवितेची चाल किंवा स्वाध्याय पडद्यावर येतो. सरकारी शाळांत तंत्रज्ञान नेण्याच्या गेल्या दोन दशकांतील प्रयत्नांत सर्वांत दूरवर पोहोचला तो हा चौकोन. त्याला ना स्वतंत्र खोली लागली, ना कुलूप, ना वीज.

या 'क्यूआर कोड'चा जन्म शाळेत झालेला नाही. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीतील अभियंते मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. वस्तूंवरील उभ्या रेषांच्या बारकोडमध्ये मावत नव्हती एवढी माहिती त्यांना साठवायची होती. कंपनीने पेटंट स्वतःकडे ठेवले, पण वापरावर शुल्क आकारले नाही. त्यामुळेच आज भाजीवाल्याच्या गाडीवरही तो दिसतो. कारखान्यात तेलाचे डाग पडणार हे गृहीत धरून त्यात दुरुस्तीची सोय करण्यात आली. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला, तरी कोड वाचता येतो. दप्तरात चुरगळणाऱ्या, घरातल्या धाकट्याच्या हाती लागणाऱ्या पुस्तकासाठी यापेक्षा सोयीचा गुण कोणता?

महाराष्ट्रातील शाळेत हा कोड आणण्याचे श्रेय सोलापूर जिल्ह्यातील एका शिक्षकाला दिले जाते. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती. एका बाजूला जनावरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला कोठीची खोली. डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना कोड जोडून त्यामागे श्राव्य कविता, व्याख्याने व स्वाध्याय ठेवले आणि हीच पद्धत राज्यभर राबवावी, असा प्रस्ताव शासनाकडे पाठवला. २०१७ मध्ये राज्याने पहिली ते बारावीच्या पाठ्यपुस्तकांत कोड छापण्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तसाच निर्णय झाला. वर्गात सुरू झालेली युक्ती मंत्रालयापर्यंत गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. आपल्याकडे प्रवास बहुधा उलट दिशेने होतो.

कोडच्या चौकोनात चित्रफीत साठवलेली नसते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यात असतो केवळ पत्ता. मूळ साहित्य 'दीक्षा' या राष्ट्रीय संकेतस्थळावर असते. हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. पुस्तक एकदा छापले, तरी त्यामागचे साहित्य केव्हाही बदलता येते. कोड वाचला गेला नाही, तर त्याखाली छापलेली सहा अक्षरे-अंक टंकित करता येतात. रेंज असेल तेथे चित्रफीत उतरवून घेऊन ती इंटरनेटविना वर्गात दाखवण्याचीही सोय आहे. वाडीवस्तीवरच्या शाळेला ही शेवटची सोय सर्वांत मोलाची. मात्र पत्ता बरोबर असला, तरी घरात काय मिळते यावर सारे अवलंबून. फळ्यासमोर उभे राहून धडा वाचून दाखवणेच चित्रित केले, तर मुलाला पुस्तकाहून अधिक काय मिळणार?

याच्या अगदी उलट प्रयोग रायगड जिल्ह्याने पाहिला आहे. अमेरिकेतील 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या चळवळीचे हिरवे-पांढरे यंत्र २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील खैरात या वाडीवरच्या शाळेत देण्यात आले. त्याआधीच, २००६ मध्ये, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली होती. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला हा लॅपटॉप प्रत्यक्षात १८८ डॉलरला पडू लागला. पेरू देशाने तो मोठ्या प्रमाणावर घेतला. तेथील ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे संगणकाचे कौशल्य वाढले होते, गणित आणि भाषेत मात्र फरक आढळला नाही. यंत्र मुलाच्या हाती दिले म्हणजे ते आपोआप अभ्यासाचे साधन होत नाही, हे त्या निष्कर्षांतून दिसले.

महाराष्ट्रातील शिक्षकांना हे अनुभवाने ठाऊक असावे. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरची शाळा राज्यातील पहिली डिजिटल शाळा म्हणून ओळखली गेली, ती तेथील शिक्षकांच्या खटपटीमुळे. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यावर अनेक गावांनी लोकवर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर, टॅब्लेट, दूरचित्रवाणी संच घेऊन दिले.

खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि पाठ्यपुस्तकातला चौकोन हाच अनेक मुलांचा वर्ग ठरला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. कौतुकाच्या त्या दिवसांत 'असर'च्या पाहणीतील आकडे मात्र काहीसे बाजूला राहिले. ग्रामीण भारतात शाळेत दाखल असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्क्यांवर गेले, पण घरी फोन असूनही चारांपैकी एका मुलाला तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जात होता. अशा मुलांसाठी जुनीच साधने धावून आली. जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या पाठांची मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखवली गेली, तर नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' भरली.

शाळा पुन्हा भरल्यावर घरच्या फोनचा प्रश्न मागे पडला, शाळेच्या खर्चाचा राहिला. कोड छापणे जवळपास फुकट, तो वर्गाला दाखवणे मात्र फुकट नाही. त्यासाठी फोन, डेटा आणि पडदा असेल तर वीज लागते. थकीत बिलापोटी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात वेळोवेळी आल्या आहेत. अशा शाळेत लोकवर्गणीचा प्रोजेक्टर कपाटात जातो आणि शिक्षक स्वतःचा फोन, स्वतःच्या डेटासह, बाकाबाकांवरून फिरवतात. 'समग्र शिक्षा' अभियानाच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार तीसपर्यंत पट असलेल्या सरकारी शाळेला वर्षाला १०,००० रुपयांचे एकत्रित अनुदान ठरले. वीज, इंटरनेट, पाणी, प्रयोगसाहित्य आणि किरकोळ दुरुस्ती हे सारे त्यातच बसवायचे, शिवाय किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखून ठेवायची. म्हणजे महिन्याला हातात उरतात साडेसातशे रुपये.