साधा प्रश्न विचारणारी माणसे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ठरले, तेव्हा मला माझ्या आत्याची आठवण झाली. आत्या व्यवहाराला मोठी चोख. बाजारात पावशेर वांगी घ्यायची तरी देठ पाहिल्यावाचून पिशवीत टाकायची नाही. परंतु माहेरच्या जमिनीच्या कागदावर अंगठा उठवताना तिने एक शब्दही विचारला नाही. पुढे कोणी विचारले, "आत्या, त्यात लिहिले होते तरी काय?" तर म्हणाली, "दादा म्हणाला, मी दिला अंगठा." वांग्याची जी पारख तिने केली, ती जमिनीच्या कागदाची केली नाही.

यात तिच्या बुद्धीचा दोष नव्हता. 'मोठ्यांना उलट विचारू नये' हे बाळकडू आपणा सर्वांनाच मिळालेले आहे. परंतु उलट बोलणे वेगळे आणि समजून घेण्यासाठी विचारणे वेगळे. साध्या प्रश्नांनी समाजाला विचार करावयास लावणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. त्यांपैकी तिघांची हकीकत येथे सांगते. त्यांत दोघी स्त्रिया आहेत.

पहिली आपल्या पुण्याचीच. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांमुलींसाठीही त्यांनी शाळा चालविल्या. तेथे शिकलेली मातंग समाजातील मुलगी म्हणजे मुक्ता साळवे. वय अवघे चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्राच्या दोन अंकांत छापून आला. तिने विचारले ते इतकेच, की वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नाही असे तुम्ही म्हणता, तर मग आमचा धर्म तो कोणता? जो नियम सांगण्यात येत होता, त्याच्याच शेवटापर्यंत ही मुलगी चालत गेली आणि तेथे उभी राहून तिने विचारले. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी दिसली तरी लोक नावे ठेवीत, त्या काळातली ही गोष्ट आहे!

दुसरी ताराबाई शिंदे, वऱ्हाडातील बुलढाण्याची. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या हत्येचा खटला चालला. तो गाजताच वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर दोषांचा वर्षाव सुरू झाला. तो वाचून ताराबाई संतापल्या आणि १८८२ साली त्यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक पुण्यात छापले गेले. जो दोष स्त्रीच्या माथी मारता, तो पुरुषात नाही काय, हा त्यांचा प्रश्न. बायको गेली तर पुरुषाने पुन्हा बाशिंग बांधावे आणि नवरा गेला तर बाईने जन्मभर कोपरा धरावा, हा न्याय कोणता? पुष्कळांना हे बोलणे झोंबले. जोतीराव फुले मात्र 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. एखादा नियम खरा की सोयीचा, हे ओळखण्याची ताराबाईंची रीत आपणांस आजही उपयोगी आहे. माणसांची अदलाबदल करून पाहावी. जे सुनेला लागू, ते लेकीला लागू केले तर आपल्याला चालेल काय?

या दोघींचे प्रश्न कागदावर होते. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत प्रश्न नेला तो गाडगे महाराजांनी. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परटाच्या घरी जन्मलेला हा डेबूजी. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, जवळ मातीचे गाडगे आणि हाती खराटा. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांचे कीर्तन म्हणजे लोकांशी केलेला संवादच. देवाला आंघोळ कोण घालते? आम्ही. नैवेद्य कोण दाखवते? आम्ही. त्या नैवेद्याला कुत्रे आले तर हाकलते कोण? त्याचेही उत्तर 'आम्ही' असेच येई. एवढे झाल्यावर, नवसाला बकरे मागणारा देव कसला, हे वेगळे सांगावे लागत नसे. कर्ज काढून लग्न-तेरावे करावे काय, दारूने कोणाचे घर वर आले, पोराला शाळेत का घातले नाही, असे त्यांचे प्रश्न रोजच्या संसारातले असत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून येई, म्हणून ते त्यांना परके वाटत नसे. २० डिसेंबर १९५६ रोजी महाराज गेले. त्यांचा खराटा आपण स्वच्छतेच्या मोहिमेत उचलला. त्यांचे प्रश्न मात्र बहुधा कीर्तनाच्या मांडवातच राहिले.

या तिघांपासून आपण तीन प्रश्न घरी न्यावेत. हे कोण सांगतो? कशावरून सांगतो? आणि आपण मानले तर लाभ कोणाचा, तोटा कोणाचा? मोबाईलवर आलेला घरगुती औषधाचा निरोप, वर्षात पैसे दुप्पट करून देण्याची बोली, आजारी मुलाला 'बाहेरचे झाले' म्हणणारा भगत, या सर्वांना हे प्रश्न लावून पाहावेत.

आणि आपल्या नेऱ्यात तर कागदाला ते लावलेच पाहिजेत. शेजारी हिंजवडीला कंपन्या आल्यापासून येथील जमिनीचे मोल बदलले आहे. २००५ सालच्या कायद्यातील दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. म्हणूनच लेकीबहिणींच्या पुढे हक्कसोडपत्र येते. भावाला प्रेमाने हक्क सोडू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु काय सोडतो, किती सोडतो, हे वाचून, नाहीतर विश्वासू माणसाकडून वाचून घेऊन मगच सही करावी. विचारल्याने तुटेल असे नाते मुळात किती घट्ट होते, हाही एक प्रश्नच आहे.

आत्या आता नाही. परवा तिची लहानगी पणती माझ्या मागे लागली होती, 'का गं? कशावरून गं?' करीत. कामाच्या गडबडीत माझ्या तोंडी "गप्प बैस" आले होते. ते गिळले आणि म्हटले, "मलाही ठाऊक नाही बाळ, चल, विचारू या."