डोकं शाबूत, नाव हरवलेलं : बार्लेत्ताचा सम्राट

मथुरेच्या संग्रहालयातला कनिष्काचा पुतळा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याला डोकं नाही, पण अंगावर नाव कोरलेलं आहे. त्यामुळे तो कोणाचा, हा वाद उरत नाही. आज मी नेमकी उलट गोष्ट सांगणार आहे. इथे डोकं शाबूत आहे, हरवलंय ते नाव.

इटलीच्या आग्नेय किनाऱ्यावर बार्लेत्ता नावाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या चर्चबाहेर पाच मीटरहून उंच ब्राँझचा रोमन सम्राट उभा आहे. अंगात चिलखत, एका हातात गोल, उंचावलेल्या उजव्या हातात क्रूस. गावकरी त्याला ‘एराक्लिओ’ म्हणतात, म्हणजे सम्राट हेराक्लियस (कारकीर्द ६१० ते ६४१). इराणी फौजांनी जेरुसलेमहून नेलेला पवित्र क्रूस यानेच परत मिळवला. शिवाय चर्चही जेरुसलेममधल्या ख्रिस्ताच्या समाधीच्या नावाचं! सगळं कसं जुळतं. मलाही आधी हे पटलं होतं.

पण इ.स. १३०९ मध्ये डोमिनिकन साधूंनी या पुतळ्याचे हातपाय वितळवून घंटा ओतल्या. आज दिसणारे हातपाय पंधराव्या शतकातले आहेत. म्हणजे ज्या क्रूसावरून आपण हेराक्लियस ओळखला, तो क्रूसच दुरुस्ती करणाऱ्यांनी दिलेल्या हातात आहे. पुरावा म्हणून तो बाद.

मग उरतं डोकं आणि धड. घडणीची शैली बहुतेक अभ्यासकांना पाचव्या शतकाकडे नेते. नाण्यांवर हेराक्लियसची दाढी पुढे लांबलचक होत जाते, इथे मात्र नुसती खुंटं आहेत. म्हणून मार्सियन, पहिला लिओ, दुसरा थिओडोसियस, होनोरियस अशी नावं पुढे येतात. एकमत नाही.

पुतळा इथे आला कसा? दंतकथा सांगते, १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटून परतणारं व्हेनिसचं जहाज इथे फुटलं. काही अभ्यासक मात्र त्याचा संबंध रावेन्ना शहराशी जोडतात.

चुकीच्या नावावर हसू नका. ब्राँझ ही मोलाची धातू. घंटा, नाणी, तोफा, कशासाठीही मूर्ती भट्टीत जायची. रोममधला मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा वाचला, तो बहुधा मध्ययुगात लोकांनी त्याला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजल्यामुळेच. बार्लेत्तात हातपाय गेलेला राजा लोकांनी पुन्हा उभा केला. ओळख चुकली असेल, पण आपुलकी खरी होती.

म्हणून माझी एकच विनंती. जुना पुतळा पाहिलात की ‘हा कोण?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘यातला मूळचा भाग किती?’