वैद्यकीय जैवतंत्रज्ञान : पदवी शिक्षण, चंद्रपूर–गडचिरोली

पेशी, जनुके व प्रथिने यांचा रोगनिदान, लस आणि औषधनिर्मितीसाठी उपयोग करणारी विज्ञानशाखा. पदवीस्तरावर तिची ओळख बहुधा बी.एस्सी.तील जैवतंत्रज्ञान या विषयातून होते. जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशिकी व प्रतिकारशास्त्र हा त्याचा पाया. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

या वनप्रदेशात विषयाचे खरे मोल सिकलसेल आजारामुळे कळते. बीटा ग्लोबिन जनुकातील एकाच बदलाने प्रथिनात सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. साधी विद्राव्यता चाचणी सदोष हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक कोण व रुग्ण कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिसने ठरते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असल्याने विवाहपूर्व समुपदेशनात हा फरक निर्णायक ठरतो, म्हणून प्रयोगशाळेतील सराव पाठांतराहून मोलाचा. गडचिरोलीतील हिवतापाच्या निदानात वापरली जाणारी जलद चाचणीपट्टीही प्रतिपिंडांच्या साहाय्याने परजीवीचे प्रथिन ओळखते.

पदवीनंतर एम.एस्सी., संशोधन किंवा औषध व लसउद्योगाकडे वळता येते. रुग्णांवर उपचार करण्याचा परवाना मात्र या पदवीने मिळत नाही.