मुद्देमाल : जप्त दारू-गांजा आणि परताव्याच्या हक्काचा इतिहास

सुरत शहरातील गोडादरा, लिंबायत, डिंडोली आणि उधना या वस्त्यांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारची ही माणसे यंत्रमागाच्या व कापडाच्या धंद्यामागे येथे येऊन स्थिरावली. गावाशी त्यांचा संबंध टिकून आहे तो तापी खोऱ्यातील उधना-जळगाव रेल्वेमार्गामुळे. याच मार्गावर नवापूर हे स्थानक आहे. त्याच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत मोडतो. फलाटाच्या एका बाजूला परवान्यावर मिळणारी बाटली दुसऱ्या बाजूला गुन्ह्याचा पुरावा ठरते. विशेष म्हणजे दोन्ही बाजूंना लागू असलेला कायदा मुळात एकच आहे : १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, त्याबरोबर हा कायदाही दोन घरांत वाटला गेला. महाराष्ट्राने तो पुढे सैल केला, गुजरातने आवळला.

दारूबंदी योग्य की अयोग्य, यावर दोन्ही राज्यांत भरपूर लिहिले गेले आहे. त्या मानाने दुसरा एक प्रश्न दुर्लक्षित राहिला. सरकारने जे जप्त केले त्याचे पुढे काय होते, आणि ते परत मागण्याचा किंवा त्याची भरपाई मागण्याचा हक्क कोणाला, कितपत आहे? बाटलीबरोबर टेम्पो जातो, रिक्षा जाते, भांडी जातात. ज्याच्या टेम्पोवर कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्याला दारूबंदीच्या तत्त्वापेक्षा हा प्रश्न अधिक जवळचा असतो.

या व्यवहाराची सारी परिभाषा फारसी-अरबी वळणाची आहे. ‘जप्त’ म्हणजे मूळचे ‘ज़ब्त’. ‘आबकारी’मधील ‘आब’ म्हणजे पाणी, येथे मद्य. ‘मुद्देमाल’ या शब्दात ‘मुद्दआ’ आणि ‘माल’ एकत्र आले आहेत : ज्या मालाविषयी दावा आहे तो माल. ठाणे अंमलदारापासून आरोपीपर्यंत सर्वांच्या तोंडी असलेल्या या शब्दात प्रश्नाचे मर्म आले आहे. जप्त वस्तू कायद्याच्या दृष्टीने ‘माल’ आहे की नाही?

हा प्रश्न फिक्हच्या ग्रंथांनीही हाताळला आहे. बाराव्या शतकातील बुर्हानुद्दीन मर्गीनानी यांच्या ‘अल-हिदाया’त गसब, म्हणजे परक्याची वस्तू बळकावणे, या प्रकरणी हनफी मत असे आहे की मुसलमानाची मदिरा कोणी नष्ट केली तर भरपाई नाही, कारण त्याच्या बाबतीत मदिरा ‘मुतकव्विम’, म्हणजे कायद्याने मूल्य असलेला माल नव्हे. मात्र जिम्मीची, म्हणजे संरक्षित बिगरमुस्लिम रयतेची, मदिरा मुसलमानाने नष्ट केली तर तिचे मूल्य भरून द्यावे लागते. इमाम शाफिई यांना दोन्ही प्रसंगी भरपाई मान्य नाही. गाण्याबजावण्याचे वाद्य मोडल्यास इमाम अबू हनीफा भरपाई सांगतात, पण ती वाद्य म्हणून नव्हे. त्यात जे लाकूड आहे त्याची. त्यांच्या दोन्ही शिष्यांना हे मान्य नव्हते. ही चर्चा खाजगी नुकसानीची आहे, सरकारी जप्तीची नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही निषिद्ध उपयोग आणि त्याखालची साधी वस्तू यांच्यात केलेला हा भेद पुढे मुंबई इलाख्याच्या कायद्यात वेगळ्याच वाटेने आलेला दिसतो.

इंग्रजी अमदानीत दारू आणि गांजा हे निषिद्ध पदार्थ नव्हतेच. ते महसुलाचे साधन होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे सरकारच्या हाती एकवटले. १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच बंधन आले. जंगलात झाडाखाली पडलेले, आदिवासींच्या खाण्यातले फूल अशा रीतीने जप्तीच्या कक्षेत आले. गांजाचे उत्पादन परवान्याने चाले. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेऊन संपूर्ण बंदीविरुद्ध मत दिले. त्या काळात जप्त होई तो विनापरवाना माल. गुन्हा नशेचा नसून कर चुकवण्याचा होता. सुरत जिल्ह्यात ताडी-दारूची दुकाने बव्हंशी पारशांच्या हाती होती आणि १९२२ च्या देवी चळवळीत आदिवासींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, तोही या व्यवस्थेवरचाच रोष होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने चित्र पालटले. ज्या वस्तूवर काल सरकार कर घेत होते, ती आज बाळगणे हाच गुन्हा झाला. या बदलाला मुंबईचे फ्राम नसरवानजी बलसारा यांनी आव्हान दिले. त्यांची मागणी वाचण्यासारखी आहे. व्हिस्की, ब्रँडी, वाइन आणि बिअर यांच्या जोडीला ओ-डी-कोलोन, लव्हेंडर वॉटर आणि अल्कोहोल असलेली औषधे बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क मान्य व्हावा आणि सरकारने हा कायदा आपल्यावर लागू करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या न्यायपीठाने १९५० च्या ऑगस्टमध्ये कायद्याची अनेक कलमे रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ मे १९५१ रोजी न्यायमूर्ती सय्यद फज़ल अली यांनी निकाल दिला. मादक पेये बाळगण्यावरील बंदी त्यांनी उचलून धरली. मात्र औषधी व प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तूंपुरती ती बंदी अवाजवी ठरवली. एकच द्रव्य, पण अत्तराच्या बाटलीत ते मालमत्ता राहिले आणि दारूच्या बाटलीत राहिले नाही.

कायद्याच्या ९८ व ९९ या कलमांतही हाच विवेक दिसतो. मादक पदार्थाबरोबर त्याचे पिंप, वेष्टन, ते वाहणारे जनावर, गाडी, नौका हे सारे जप्तीस पात्र आहे. परंतु मादक पदार्थ, भांग-गांजाचे झाड, मोहफुले व मळी सोडून इतर वस्तूंच्या बाबतीत जप्तीऐवजी दंड भरण्याची मुभा न्यायालय मालकाला देऊ शकते. गुन्हा घडू नये यासाठी आपण योग्य ती काळजी घेतली होती असे मालकाने पटवून दिले, तर वाहन जप्त करता येत नाही. काळजी घेतल्याचा पुरावा मात्र मालकानेच द्यायचा. टेम्पो रोजाने दुसऱ्याला चालवायला देणाऱ्याने तो कसा द्यावा?

येथवर प्रश्न जप्तीच्या वैधतेचा होता. ताब्यात घेतलेली वस्तू हरवली किंवा विकली गेली तर जबाबदार कोण, हे दारूच्या नव्हे, इतर मालाच्या खटल्यांतून ठरत गेले. १९४७ च्या सप्टेंबरात मेरठ पोलिसांनी अमृतसरच्या एका पेढीच्या भागीदाराकडून शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले. मालखाना सांभाळणारा हवालदारच ते घेऊन पसार झाला. कस्तुरीलाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात, मूळचे साताऱ्याचे असलेले सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या घटनापीठाने १९६४ मध्ये भरपाई नाकारली. जप्ती हे राज्याचे सार्वभौम कार्य, त्यातील नोकराच्या दोषाबद्दल राज्य जबाबदार नाही, असा आधार त्यांनी घेतला. कायदा बदलण्याची गरज न्यायालयाने बोलून दाखवली खरी, पण सोने गेले ते गेलेच.

तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, न्यायालयाने दुसरी वाट धरली. जुनागढ संस्थानाच्या जकात अधिकाऱ्यांनी मेमन महंमद हाजी हसन या व्यापाऱ्याची वाहने जप्त केली होती. अपिलात तो आदेश रद्द झाला, पण दरम्यान वाहने बेवारस ठरवून विकली गेली होती. जुनागढ सौराष्ट्रात गेले, सौराष्ट्र मुंबई राज्यात आणि अखेरीस गुजरातेत. जबाबदारीही त्यांच्यामागोमाग फिरत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जप्तीचा अंतिम निर्णय होईपर्यंत सरकार हे त्या मालाचे केवळ निक्षेपधारक असते आणि परत देण्याजोग्या स्थितीत तो राखणे त्याचे कर्तव्य आहे. १९७७ मध्ये म्हैसूर राज्यातील बसव्वा पाटील यांच्या प्रकरणात पोलिसांच्या ताब्यातील पेटीत दागिन्यांऐवजी दगड निघाले. तेव्हा न्यायालयाने दहा हजार रुपये भरपाई देवविली. हा निकाल देणारे न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फज़ल अली हे बलसारा प्रकरण लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचे चिरंजीव.

गांजाची वाट १९८५ मध्ये वेगळी झाली. त्या वर्षीच्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याने तो दारूबंदीच्या चौकटीतून अधिक कठोर चौकटीत गेला. वीस किलोंचा साठा ‘व्यापारी प्रमाणा’ची सीमा ठरला. वाहनाच्या मालकाला तेथेही आपले अज्ञान व खबरदारी सिद्ध करावी लागते. २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गुजरातमधील असे आरोप आले की पोलिसांनीच मुद्देमाल बदलला, परस्पर लिलावात काढला. न्यायालयाने आदेश दिला की वाहने ठाण्याच्या आवारात गंजू देऊ नयेत, योग्य जामीन घेऊन ती सोडावीत. जप्त दारूचा नमुना ठेवून पंचनाम्यानंतर उरलेल्या साठ्याची विल्हेवाट लावावी. अमली पदार्थांच्या साठ्यांविषयी २०१६ मध्ये अशाच सूचना पुन्हा द्याव्या लागल्या.

गुजरातने मात्र कलम ९८ मध्ये दुरुस्ती करून ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक दारू सापडलेले वाहन अंतिम निकालापर्यंत जामिनावर सोडण्यास मनाई केली. ज्या राज्यातील प्रकरणावरून देशाला उदार नियम मिळाला, त्याच राज्यात तो दारूच्या वाहनांना लागू होईना. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांना असे वाहन सोडण्याचा अधिकार नसल्याचे स्पष्ट केले. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार तेवढा शिल्लक राहिला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात वाहन अंतरिम ताब्यात देण्याचा आदेश केला. त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने मुद्देमालाचे वर्णन चौदा दिवसांत नोंदवण्याची आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश देण्याची मुदत घातली. गुजरातच्या विशेष कायद्यातील मनाईपुढे ही मुदत कितपत टिकते, यावर वाहनाचा ताबा अवलंबून आहे. गोडादऱ्यातील मालकाला दाद मागण्यासाठी अहमदाबाद गाठावे लागते. उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरतेत नाही.